राणी कोणत्याच पानावर नाही

४ मार्च, मंगळवार

आज माझ्या वाचनाची अब्रू गेली. कॉलेजात असल्यापासून मी जाडजूड, गंभीर, शेवटी सगळे मरतात अशीच पुस्तकं वाचत आले. त्याची मला घमेंड आहे, इथे तरी ती कशाला लपवू? आणि आज दुपारी मी मोठ्याने काय वाचलं, तर एक शिंपीण फाटलेला वारा सुईदोऱ्याने शिवून देते! एक राजपुत्र आहे, त्याला शाप असा, की खोटं बोलला की कानातून फूल उगवतं. दर दोन पानांआड चित्र. राजपुत्राच्या कानात भलंमोठं पिवळं फूल, आणि चेहऱ्यावर भाव असा की मी काही केलंच नाही.

पुस्तकं बिट्टीची, म्हणजे माझ्या लेकीची. तीन भाग आहेत. ती शिकायला दूर गेली आणि ही मागे फळीवर राहिली. मी त्यांना 'गुलाबी कचरा' म्हणत असे. पण आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. समोर माणूस उभा राहिला तर नुसता आकार दिसतो, चेहरा नाही. ऑपरेशनची तारीख सत्तावीसची मिळाली आहे. तोवर करायचं काय? रेडिओचा त्यांना वीट आला. म्हणाल्या, "काहीतरी वाचून दाखव गं. पण तुझं ते रडकं नको. बिट्टीचं वाच."

लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली. आम्ही दोघी कधी एका खोलीत तासभर बसलो असू असं आठवत नाही. भांडण म्हणाल तर अजिबात नाही, एकदाही नाही. "पाणी गेलंय", "हे आले का", "दार लावून घे", एवढंच आमचं बोलणं. आज तासभर बसलो.

६ मार्च, गुरुवार

प्रकरण तिसरं. शिंपीण राजपुत्राच्या फाटक्या बाहीला टाका घालते आहे, तो तिच्याकडे बघतो आहे, आणि पुढे दीड पान जे काही आहे ते सासूसमोर मोठ्याने वाचायचं म्हणजे काय? मी वाचलं, "त्याने तिचा हात धरला, वगैरे."

आई म्हणाल्या, "वगैरे म्हणजे?"

"वगैरे म्हणजे... आपलं नेहमीचंच हो."

"पुस्तकात वगैरे लिहिलंय का?"

"नाही."

"मग लिहिलंय ते वाच. मी काय हवेतून पोरं आणली?"

वाचलं. कान लाल झाले. बरं तर बरं, त्यांना दिसत नाही.

१२ मार्च, बुधवार

मी दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या, घाबरलेल्यांना धीर द्यायचा. सकाळचीच नोकरी. आज वेळा लिहायच्या मोठ्या वहीच्या आत पहिला भाग ठेवून मी पुढची चार प्रकरणं एकटीनेच वाचून काढली. एका पेशंटला दोनदा "बसा" म्हणाले, आणि तो बिचारा दोनदा बसला.

खरं सांगायचं तर मजा आली. चित्रं काढणाराला माणसांची फार जाण आहे. राजवाड्याची कचेरी काढली आहे तिथे मागे एक कारकून, कुणाचंही लक्ष नाही असं बघून, राजमुद्रेने अक्रोड फोडतो आहे. प्रेमात पडलेली ती दोघं एकमेकांची टर उडवतात, रुसतात, पुन्हा हसतात. माझ्या जाडजूड पुस्तकांत प्रेम करणारी माणसं हसतच नाहीत, हे आजवर माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

दुपारी आईंना तीच प्रकरणं वाचून दाखवताना, मीही पहिल्यांदाच वाचते आहे असा आव आणला. बिनकामाचं खोटं. शाप मला असता तर एव्हाना कानात फूल असतं.

१३ मार्च, गुरुवार

आज हातून एक आगाऊपणा झाला.

शिंपीण राजवाड्यात पहिल्यांदा स्वयंपाक करते. पुस्तकात सगळे बोटं चाटत खातात आणि टाळ्या वाजवतात. मला रागच आला. असं कुठे असतं? आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "तेवढ्यात राजपुत्राची आई, म्हणजे राणी, आली. तिने चमचाभर चाखलं, एक शब्द बोलली नाही, आणि वरून मीठ घातलं."

पुस्तकात राणी नाहीच. राजपुत्राला त्याच्या मामाने वाढवलं, ही बाई कुठल्याच पानावर नाही. पण मी लग्न होऊन आले त्या पहिल्या दिवशी आईंनी माझ्या आमटीत असंच मीठ घातलं होतं, न बोलता. ते इतकी वर्षं कुठे दडून बसलं होतं कोण जाणे.

आई म्हणाल्या, "राणी? राणी आहे होय यात?"

"आहे की."

"चित्र आहे तिचं?"

"आहे. कमरेला किल्ल्या, कपाळाला आठी."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग? पुढे?"

१७ मार्च, सोमवार

लेकी बोले सुने लागे म्हणतात. आमच्या घरी उलटी गंगा. सून बोलते राणीला आणि ऐकते सासू, फरक इतकाच की सासूला ते लागत नाही, कारण तिला वाटतं पुस्तकच बोलतंय. मला सोयीचं आहे. रोज एक काढते. शिंपिणीने नवा पडदा शिवला तर राणी म्हणाली, "जुना काय वाईट होता?" शिंपिणीला मुलगी झाली तेव्हा राणी दारातूनच बघून गेली. (पुस्तकात अजून त्यांचं लग्नही झालेलं नाही. दुसऱ्या भागात मला बरंच निस्तरावं लागणार.)

आई फार मन लावून ऐकतात. काल रविवारी बिट्टीचा फोन आला तर तिच्याशी बोलताना खो खो हसत होत्या. मी आत गेले तशा गप्प. म्हाताऱ्या माणसांची गुपितं ती कसली असणार!

एक गंमत. आज मी पुस्तक मिटलं तर म्हणाल्या, "आज राणी आली नाही ती?" त्यांना ती बाई आवडायला लागली आहे.

२० मार्च, गुरुवार

हे लिहू की नको.

दुसऱ्या भागात शिंपिणीचे वडील दीपगृहावर दिवा लावतात. पुस्तकात ते ठणठणीत आहेत आणि विनोद करतात. मी त्यांना आजारी पाडलं. शिंपीण राणीकडे जाऊन म्हणाली, "मी थोडे दिवस वडिलांजवळ राहते." राणी म्हणाली, "जा, पण रविवारच्या आत ये." शिंपीण रविवारच्या आत आली. पुढच्या बुधवारी दीपगृहावरचा दिवा लागला नाही.

मी खोकल्यासारखं केलं.

आईंनी विचारलं, "राणीनं नंतर माफी मागितली का?"

मी म्हटलं, "पुस्तकात नाही."

"मग पुस्तक लिहिणाऱ्यानं चूक केली."

मी उठून गेले. मोरीत तोंड धुतलं. बाबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी हे ह्यांच्याजवळसुद्धा कधी बोलले नव्हते.

२१ मार्च, शुक्रवार

आज मी पान उघडायच्या आधीच आई म्हणाल्या, "त्या राणीचा राजा कधी गेला?"

मी गडबडले. "गेला असेल आधीच."

"त्याच वर्षी गेला असेल," त्या म्हणाल्या. "आणि मुलगा रात्रपाळीला. एवढ्या घरात ती एकटी. दिवेलागण झाली की जीव घाबराघुबरा होत असेल तिचा. म्हणून म्हणाली असेल लवकर ये. सांगितलं नसेल. राण्यांना कुठे सांगता येतं."

किती गुंततात त्या गोष्टीत! मामंजी त्याच वर्षी गेले होते आणि हे तेव्हा पंपहाऊसवर रात्रपाळीला असत, हे मला संध्याकाळी कणीक मळताना आठवलं. योगायोग असेल. तरी कणीक फार सैल झाली.

२४ मार्च, सोमवार

आज मी जे केलं ते लिहिलंच पाहिजे, नाहीतर ते मला आतून खाईल.

गुरुवारी ऑपरेशन. मग आईंना दिसणार. आणि सकाळपासून त्या एकच घोकताहेत, "डोळे आले की पहिल्यांदा ते पुस्तक घेणार, राणी कशी काढली आहे बघणार." पान पान उलटून बघतील आणि राणी नाही! मग कळेल की ते मीठ, तो पडदा, ते दीपगृह, सगळं मी त्यांच्याच तोंडावर बोलत होते, त्यांना दिसत नव्हतं याचा फायदा घेऊन. आंधळ्या माणसासमोर तोंड वेडावण्यातलाच प्रकार. तिसऱ्या भागात राणी कायमची देशांतराला गेली असं काहीतरी जुळवावं, पुस्तकं हळूच कुणाला तरी देऊन टाकावीत, एवढा वेळ मला हवा होता.

दवाखान्यातून डोळ्यांच्या इस्पितळाला फोन केला. वेळ पुढे ढकलायला लोक काय काय कारणं सांगतात ते मी रोज ऐकते, आणि कुठल्या कारणाला कुणी उलटप्रश्न करत नाही तेही मला पाठ आहे. म्हटलं, "पेशंटला खोकला झालाय." खोकणाऱ्या माणसाच्या डोळ्याला कुणी हात लावत नाही. पलीकडची मुलगी म्हणाली, "काळजी घ्या. मग सतरा एप्रिलच मिळेल." मी बरं म्हटलं. तीही माझ्याच धंद्यातली, तिनं विश्वास ठेवला.

घरी सांगितलं की डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईच बाहेरगावी गेल्यात.

आई म्हणाल्या, "असू दे. त्यांनाही घरदार असेल."

२६ मार्च, बुधवार

कोपऱ्यात आईंची लहान पिशवी भरून ठेवली आहे. टॉवेल, साबण, घडी केलेलं धुतलेलं पातळ. त्यांनी ती चाचपून चाचपून स्वतः भरली होती, गेल्या शनिवारीच. मी म्हटलं, "काढून ठेवू का?" म्हणाल्या, "राहू दे गं, पुन्हा कोण भरणार."

आज वाचन नीट झालं नाही. राजपुत्र खोटं बोलतो आणि कानातून जास्वंद येते, त्यावर आई हसल्या, मला हसू आलं नाही. हीच पुस्तकं मी हलकीफुलकी म्हणत होते.

३० मार्च, रविवार

बिट्टीचा फोन. तिला नोकरी लागली. समुद्रापार, पुरी वर्षभराची. ८ तारखेला विमान. त्याआधी शनिवार-रविवार घरी येऊन जाणार.

हे आनंदाने नाचले. आई म्हणाल्या, "माझे डोळे झाले असते तर..." आणि मग लगेच, "असू दे, असू दे, पोरगी येतेय ना."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

३१ मार्च, सोमवार

इस्पितळाला तीन वेळा फोन केला. म्हटलं, खोकला गेला हो, पार गेला, उद्या घ्या, परवा घ्या. ती मुलगी म्हणाली, "सतराच्या आधी एकही जागा नाही, मॅडम. तुम्हीच तर पुढची घेतलीत." मीही हेच वाक्य दिवसातून दहादा म्हणते. ते ऐकायला इतकं वाईट लागतं हे मला ठाऊक नव्हतं.

६ एप्रिल, रविवार

बिट्टी आली आणि गेली.

आईंनी तिला समोर बसवलं आणि दोन्ही हातांनी तिचा चेहरा चाचपला. कपाळ, भुवया, गाल. "केस कापलेस?" "हो आजी, पार मानेपर्यंत." "बारीक झालीस." "नाही गं, तुझे हातच मोठे." मग आई माझ्याकडे वळल्या. "कशी दिसते गं ती आता? सांग ना. चित्र सांगतेस तसं सांग."

मी सांगितलं. केस कुठवर, कानात काय, हसताना उजव्या गालाला खळी अजून पडते का. एक अक्षर खोटं सांगितलं नाही. पण ते माझ्या तोंडून ऐकायची पाळी त्यांच्यावर मीच आणली होती, आणि त्या मान डोलावत म्हणत होत्या, "छान सांगतेस."

निघताना बिट्टी माझ्या कानाशी म्हणाली, "तिसरा भाग नीट वाच हं आजीला. काही गाळू नकोस. घालायचं असेल तर घाल." मुली काहीही बोलतात.

११ एप्रिल, शुक्रवार

खोकला मी आईंच्या नावावर टाकला होता, तो मला झाला. वाचन बंद. सुटले, असं वाटलं. मग त्याचीही लाज वाटली.

१८ एप्रिल, शुक्रवार

काल उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आज पट्टी काढली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय दिसतं?" आईंनी खोलीभर बघितलं, मग ह्यांच्याकडे, आणि म्हणाल्या, "अरे, तुला टक्कल पडलं की! मला कुणी सांगितलंच नाही." सगळे हसले.

मग माझ्याकडे बघितलं. बघतच राहिल्या. मी खाली बघितलं, पिशवी आवरायचं निमित्त करून.

घरी येताना डॉक्टरीणबाई बाहेरगावाहून कधी परतल्या हे आई विचारतील म्हणून मी सबंध रस्ता काही ना काही बडबडत होते. त्यांनी विचारलं नाही. रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत होत्या.

२७ एप्रिल, रविवार

डॉक्टरीणबाईंनी तात्पुरता म्हणून वाचायचा चष्मा दिलाय. गेले चार दिवस आई खिडकीशी बसून पहिला भाग वाचताहेत. पुस्तकं देऊन टाकायचं मला जमलंच नाही, हात उचलला नाही. मी येता-जाता कान त्यांच्याकडे. मध्येच खुदकन हसतात. एकदा मोठ्याने म्हणाल्या, "हे बघ, वगैरे दीड पान आहे!"

आज त्यांनी पुस्तक मिटलं आणि मला बस म्हणाल्या.

"यात राणी नाही."

"मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. बिट्टीला फोनवर विचारलं, राणी कशी आहे गं? ती म्हणाली, कुठली राणी? मग मी तिला दर रविवारी सांगायचे, या आठवड्यात राणीनं काय काय केलं. पोरगी पोट धरून हसायची. दीपगृहाचं मात्र मी तिला सांगितलं नाही."

म्हणजे सगळं ठाऊक होतं. चोराच्या मनात चांदणं, ते माझ्या एकटीच्याच मनात. मला इतकं हलकं वाटलं की मी हसले, रडले, दोन्ही एकदम.

मग त्या म्हणाल्या, आणि या वेळी राणी वगैरे मध्ये नव्हती, "तुझ्या वडिलांच्या वेळी मी तुला लवकर ये म्हटलं. भीती माझी होती, नुकसान तुझं झालं. इतकी वर्षं तुझ्या तोंडाकडे बघून बोलायचं धाडस नव्हतं. दिसेनासं झालं तेव्हा बोलले, तेही आडून. आता दिसतंय, म्हणून आता समोर सांगते. चुकलं माझं."

बास. इथे मी गप्प राहायला हवं होतं. कुणीही शहाणी बाई गप्प राहिली असती. पण समोरची इतक्या सरळपणे चुकलं म्हणते आणि आपण तोंडात मूग धरून बसायचं, हे काही झालं नाही माझ्याच्याने. मी म्हटलं, "आई, डॉक्टरीणबाई बाहेरगावी गेल्याच नव्हत्या. तारीख मी पुढे ढकलली. राणी सापडणार नाही म्हणून."

मला वाटलं, तेही त्यांना ठाऊक असेल.

त्यांनी चष्मा काढला. "हे मला माहीत नव्हतं," म्हणाल्या.

२९ एप्रिल, मंगळवार

दोन दिवस बोलत नाहीत. पूर्वीही आम्ही बोलत नव्हतोच, पण ते न बोलणं वेगळं होतं. हे विचारतात, "काय झालंय?" मी म्हटलं, "काही नाही." ते म्हणाले, "मग ठीक आहे." यांचं सगळंच ठीक असतं.

३० एप्रिल, बुधवार

आज सकाळी बिट्टीचा व्हिडिओवर फोन होता. आई तिच्याकडे एकटक बघत होत्या. फोन ठेवला आणि एकदम माझ्याकडे वळून ओरडल्या. हो, ओरडल्या! माझ्या लग्नापासून पहिल्यांदा.

"तेव्हा माझ्या हातात तिचे गाल होते आणि डोळे नव्हते! आता डोळे आहेत आणि पोरगी काचेत! वर्षभर! काय केलंस गं तू हे!"

मी म्हटलं, "मी घाबरले होते!"

"मी काय तुला खाल्लं असतं?"

"तेच वाटत होतं मला! आले त्या दिवसापासून तेच वाटत होतं!"

"मग तेव्हाच सांगायचंस!"

"तुम्ही सांगितलंत तुमची भीती?"

हे दाढीचा फेस तसाच तोंडाला ठेवून दारात उभे राहिले. एकदा आईकडे बघत होते, एकदा माझ्याकडे. आम्ही दोघींनी एकदमच म्हटलं, "तुम्ही आत जा" आणि "तू आत जा". ते आत गेले.

आई म्हणाल्या, "मी माफ केलेलं नाही. पोरगी परत येईपर्यंत करणार नाही. तोवर रोज बोलून दाखवणार आहे तुला, रोज."

मी म्हटलं, "दाखवा."

"रडायचं नाही."

"रडेन. पण ऐकून घेईन."

१ मे, गुरुवार

आज चहाच्या आधीच बोलून दाखवलं. मी पूर्ण ऐकून घेतलं, मध्ये बोलले नाही. मग त्यांच्याकडे नीट बघून मीही त्या मिठाचं बोलून दाखवलं.